बास गरवताना दोरा कोणता?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मे-जून उजाडला की न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनियातल्या तळ्यांच्या काठी आता मराठीही कानावर पडते. मुलांना घेऊन आलेले आईवडील, भारतातून सुट्टीला आलेले आजी-आजोबा आणि हातात मोठ्या दुकानातून उचललेला रॉड-रीळचा तयार संच. गरवायची हौस इथेही टिकली, याचा आनंदच आहे. पण त्या संचावरचा दोरा बहुतेक वेळा जुनाट आणि पीळ पडलेला असतो. तो बदलायचे ठरले, की ओळखीतून एकच सल्ला मिळतो : जास्त पौंडाचा घ्या, म्हणजे तुटणार नाही. या सल्ल्यामुळे मासा लागत नाही आणि दोरा तुटायचा तो तुटतोच. आपल्या वृत्तपत्राचा मोठा वाचकवर्ग अमेरिकेत आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी माशाबद्दल. आपल्याकडे हॉटेलात ‘सी-बास’ म्हणून जिताडा वाढतात, त्यामुळे नावाने घोटाळा होतो. इथल्या तळ्यांतला बास जिताड्याचा भाऊबंद नाही, तो सनफिश या गोड्या पाण्यातल्या माशांच्या कुळातला. त्याच्या दोन जाती ओळखता आल्या तरी पुरे. तोंड मिटलेले असताना जबड्याचे टोक डोळ्याच्याही मागे गेले, तर तो लार्जमाउथ. डोळ्याच्या खालीच थांबले, तर स्मॉलमाउथ. लार्जमाउथ पाणवनस्पतीत, बुडालेल्या झाडाशी, धक्क्याच्या सावलीत दबा धरून बसतो. स्मॉलमाउथला खडकाळ तळ आणि जरा गार, वाहते पाणी लागते. डेलावेअर नदीत तो चांगला मिळतो. जागतिक विक्रम आहे दहा किलोंचा : १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी २२ पौंड ४ औंसांचा लार्जमाउथ धरला आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात मनाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. (त्याच बिवा तलावात हा मासा बाहेरून आलेला उपद्रवी ठरला आहे आणि धरलेला बास परत पाण्यात सोडायला तिथे बंदी आहे.) पण आपल्या गळाला लागणारा बास साधारण अर्धा ते दीड किलोचा असतो. ८ पौंडी दोरा म्हणजे साडेतीन किलो ताण सोसणारा. मग तो तुटतो कसा? कच्ची गाठ, खडकाला घासून खरचटलेला शेवटचा हात-दोन हात दोरा आणि करकचून आवळलेला ड्रॅग (ओढ वाढली की दोरा सुटू देणारा रिळाचा ब्रेक), ही कारणे आहेत. २० पौंडी दोरा घेऊन यातले एकही दूर होत नाही.

बाजारात दोरे तीन प्रकारचे. पहिला आपला ओळखीचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकपदरी दोरा. इथे त्याला मोनो म्हणतात. तो स्वस्त असतो, गाठ चांगली धरतो आणि पाण्यात अगदी हळू बुडतो. ताण आला की वीस-पंचवीस टक्के लांबतो, त्यामुळे नवशिक्याने दिलेला आडदांड हिसका तो पोटात घेतो. दोष असा, की तो पाणी पितो. ओला झाला की सुक्यापेक्षा थोडा कमजोर होतो आणि उन्हाने ठिसूळ बनतो. गाडीच्या मागच्या काचेशी अख्खा उन्हाळा पडलेल्या रिळावरचा तंगूस काढून टाकावा, तो वाचवण्यात अर्थ नाही.

दुसरा फ्लुरोकार्बन. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये गळासाठी तो बाजारात आणला. दिसायला तंगुसासारखाच, पण पाण्याच्या पावणेदोन पट जड, म्हणून झटकन बुडतो. पाणी पीत नाही आणि खडकावर घासला तरी तग धरतो. पाण्यात तो ‘अदृश्य’ होतो, अशी जाहिरात असते. खरे इतकेच, की प्रकाश वाकवण्याचा त्याचा गुणांक १.४२ आहे, पाण्याचा १.३३ आणि नायलॉनचा १.५३ च्या आसपास. म्हणजे तो तंगुसापेक्षा कमी दिसतो, दिसतच नाही असे नाही. हा दोरा ताणला जात नाही, असेही सर्रास सांगतात. तोही चुकीचा समज. जोराच्या ताणाखाली तोही बराच लांबतो आणि एकदा फार लांबला की पुरता पूर्वपदावर येत नाही. काडीकचऱ्यात अडकलेला गळ जोर लावून ओढून सोडवला असेल, तर ताण पडलेला तेवढा दोरा कापून टाकावा. गाठ आवळताना घर्षणाची उष्णता याला सर्वांत जास्त बाधते. गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली न करता ओढली, तर तो तिथेच कुरळा होतो आणि पुढच्या मोठ्या माशाला तिथेच सुटतो.

तिसरा विणलेला दोरा, ब्रेड. पॉलिइथिलीनच्या बारीक धाग्यांची ही वेणी पाण्यावर तरंगते, जवळजवळ ताणली जात नाही आणि जाडीच्या मानाने अतिशय मजबूत असते. ३० पौंडी ब्रेड साधारण ८ पौंडी तंगुसाएवढा बारीक, ५० पौंडी १२ पौंडी तंगुसाएवढा, आणि ६५ पौंडी १६ पौंडीएवढा. म्हणून पुठ्ठ्यावर दोन आकडे छापलेले असतात, पहिला ताकदीचा, दुसरा जाडीचा. ब्रेड स्वच्छ पाण्यात ठळक दिसतो, खडकाच्या धारेवर पटकन कापला जातो आणि बोटही कापतो. अडकलेला ब्रेड हाताला गुंडाळून कधीही ओढू नये. काठीच्या तुकड्याला वेढे देऊन ओढावा.

आता मुद्द्याची गोष्ट : दोरा ठरवायचा तो पाणी आणि आमिष पाहून. न्यू जर्सीतल्या हॉपॅटकाँग तलावाच्या उथळ कोपऱ्यांत जुलैत पाणवनस्पतीची गादी होते. त्या गादीवरून रबरी बेडूक ओढायचा असेल, तर ५० किंवा ६५ पौंडी ब्रेडच हवा, आणि मध्ये लीडर (मुख्य दोरा आणि गळ यांच्यामध्ये जोडलेला वेगळा दोरा) नको. अर्धा किलोच्या माशासाठी ६५ पौंड कशाला, असे वाटेल. पण तिथे ओढायचा असतो मासा आणि त्याने अंगाभोवती गुंडाळलेला दोन-तीन किलोंचा हिरवा पाला. ब्रेड करवतीसारखा देठ कापत येतो, तंगूस त्याच देठांत गुंततो. शिवाय बेडकाचे दोन जाड गळ पंचवीस मीटरवरून जबड्यात रुतवायचे, तर दोरा लांबून चालत नाही. इथे चूक होते ती घाईची. पाणी फुटल्याचा आवाज आला की लोक हिसका मारतात आणि बेडूक रिकामा उडून येतो. माशाचे वजन हाताला कळेपर्यंत थांबा, रॉडचे टोक खाली करून ढील गुंडाळा, मग जोराने वर खेचा. गावाकडे शेवाळाच्या तळ्यात मरळ गरवणाऱ्यांना हे सांगावे लागणार नाही. मरळीलाही हाच बेडूक, हाच दोरा आणि हाच धीर लागतो.

उघड्या पाण्यावर पॉपर (ओढला की ‘पॉप’ आवाज करणारा) किंवा डुलत चालणारे तरंगते ल्यूर, म्हणजे खोटे आमिष, वापरायचे, तर १२ ते १५ पौंडी तंगूस घ्या. फ्लुरोकार्बन बुडतो आणि ल्यूरचे नाक खाली ओढतो. मग तो ना डुलतो, ना ‘पॉप’ करतो, आणि लोक ल्यूरला नावे ठेवतात.

क्रँकबेट म्हणजे पुढे जीभ असलेला, ओढला की खोल जाणारा ल्यूर. त्याला १० ते १२ पौंडी फ्लुरोकार्बन. दोरा जितका जाड, तितका पाण्याचा अडथळा जास्त आणि ल्यूर तितका वरून जातो. खोक्यावर दहा फूट खोली लिहिली असताना तळ लागत नसेल, तर आधी दोऱ्याची जाडी तपासा. क्रँकबेटला थेट ब्रेड बांधू नये. त्याचे तीन टोकांचे गळ बारीक असतात आणि दोरा न लांबल्यामुळे माशाने मान झटकली की ते तोंड फाडून निघतात. रॉडही फार कडक नको.

टेक्सास रिग, म्हणजे गळाचे टोक किड्यात लपवायची मांडणी, जरा सविस्तर सांगतो, कारण काठावरून गरवणाऱ्याला याच्याइतके उपयोगी काही नाही. १२ ते १५ पौंडी फ्लुरोकार्बन, त्यात ओवलेले बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे ५ ते ७ ग्रॅमचे वजन, ३/० मापाचा मान वाकलेला गळ आणि सात इंची प्लॅस्टिकचा किडा. गळाचे टोक किड्याच्या डोक्यात मध्यभागी अर्धा सेंटिमीटर घालून बाजूने काढा. किडा गळाच्या डोळ्यापर्यंत सरकवा, गळ अर्धा फिरवा. गळाचा बाक किड्याच्या अंगाला जिथे टेकतो, ती जागा नखाने खूण करून तिथूनच टोक आरपार घाला आणि पाठीच्या कातडीखाली किंचित लपवा. किडा सरळ लोंबला पाहिजे. वाकडा बसला, तर ओढताना भिंगरीसारखा फिरतो आणि तासाभरात सगळ्या दोऱ्याला पीळ घालतो. टाकल्यावर लगेच गुंडाळू नका. दोरा किंचित सैल ठेवून वजन बुडू द्या आणि नजर दोऱ्यावर ठेवा, कारण बास बहुधा बुडत्या किड्यालाच तोंड घालतो. हाताला काही कळायच्या आधी दोरा टिचकी मारल्यासारखा हलतो, बाजूला सरकतो किंवा तळ यायच्या आधीच थांबतो. तेव्हा ढील गुंडाळून हिसका द्यायचा. तळाला लागल्यावर रॉडचे टोक हातभर उचला, पुन्हा बुडू द्या, असे काठापर्यंत.

राउंड व्हॅलीसारख्या नितळ, खोल पाण्यात भर उन्हाळ्यात दुपारी बास खाली जातो. तिथे ड्रॉप शॉट चालतो : दोऱ्याच्या शेवटाला ७ ग्रॅमचे वजन, त्याच्या वर ३० ते ४५ सेंटिमीटरवर १ किंवा २ नंबरचा लहान गळ, त्याच्या नाकाला टोचलेला तीन इंची किडा. पालोमार गाठ (ती पुढे सांगितली आहे) मारून शेपटाचा दोरा अर्धा मीटर ठेवायचा आणि तो गळाच्या डोळ्यातून टोकाच्या बाजूने परत ओवायचा, म्हणजे गळ आडवा राहून टोक वर येते. दोरा ६ ते ८ पौंडी फ्लुरोकार्बन, त्याहून जाड नको. वजन तळाला टेकलेले ठेवून दोरा फक्त थरथरवायचा. डेलावेअर-रॅरिटन कालव्याच्या गढूळ पाण्यात मात्र या नाजूकपणाचा उपयोग नाही. तिथे १२ पौंडी तंगूस बिनदिक्कत वापरा.

हे सगळे दोरे एकाच घरात कुठून असणार? ज्यांना एकच रॉड घ्यायचा आहे, त्यांनी साडेसहा ते सात फुटी मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड आणि २५०० मापाचे रीळ घ्यावे. मुलांसाठी त्यावर ८ पौंडी तंगूस. हात बसला की १० किंवा १५ पौंडी ब्रेड आणि पुढे दोन-अडीच मीटर ८ पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर. स्पिनिंग रिळावर १२ पौंडांच्या वरचा निव्वळ फ्लुरोकार्बन भरू नये. तो ताठ असतो आणि वेटोळी उसळून बाहेर पडतो. बेटकास्टिंग रीळ (फेकताना ज्याची चक्री स्वतः फिरते ते) पहिल्याच वर्षी घ्यायची घाई नको. घेतलेच, तर बाजूची चकती इतकी आवळा, की रीळ मोकळे केल्यावर ल्यूर सावकाश खाली जाईल आणि जमिनीला टेकताच चक्री थांबेल. तसे न केल्यास पहिल्याच फेकीत दोऱ्याचे घरटे होते.

दोरा भरण्यातच निम्म्या चुका होतात. नवा दोरा आधी रॉडच्या कड्यांतून ओवून रिळाला बांधा. दोऱ्याची गुंडी जमिनीवर आडवी ठेवा, ओल्या फडक्यात दोरा धरून पंधरा-वीस फेरे गुंडाळा आणि थांबून ढील द्या. दोरा पिळून वेटोळी घालू लागला, तर गुंडी उलटी करा आणि मग पुढे भरा. काठापासून ३ मिलिमीटर जागा सोडा. जास्त भरला तर वेटोळी सुटतात, कमी भरला तर फेक आखूड पडते. ब्रेड भरताना आधी आठ-दहा मीटर तंगूस गुंडाळा. नाहीतर ब्रेडचा अख्खा गठ्ठा गुळगुळीत रिळावर घसरत राहतो आणि ड्रॅग बिघडल्यासारखे वाटते. फेकल्यानंतर रिळावरची दोरा अडवणारी तार हाताने बंद करा, हँडल फिरवून नको. आणि मासा दोरा ओढून नेत असताना हँडल फिरवत बसू नका, त्या प्रत्येक फेऱ्याने पीळ वाढतो.

ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ठेवायचा असतो. ८ पौंडीला म्हणजे एक किलोच्या आसपास. अंदाजाने हे कुणालाच जमत नाही. पण भारतात ये-जा करणाऱ्या प्रत्येक घरात बॅगा तोलायचा हातातला काटा असतोच. दोरा त्याच्या हुकाला बांधा, रॉड वाकवून ओढा आणि एक किलोला रीळ दोरा सोडू लागेल, असा ड्रॅग लावा. मोसम संपला की तो सैल करून ठेवावा, म्हणजे आतल्या चकत्या दबत नाहीत.

गाठी दोनच शिका. गळासाठी पालोमार : १५ सेंटिमीटर दोरा दुहेरी करून डोळ्यातून काढा, सैल साधी गाठ मारा, पुढच्या फासातून गळ काढून घ्या, ओली करा, दोन्ही पदर एकदम ओढा. पदर एकमेकांवर चढले, तर गाठ सोडून नव्याने बांधा, विशेषतः फ्लुरोकार्बनला. ब्रेडला लीडर जोडायला दुहेरी युनी : दोन्ही टोके एकमेकांवर वीतभर ठेवा. फ्लुरोकार्बनच्या टोकाचा फास करून त्यातून दोन्ही दोऱ्यांभोवती पाच वेढे, ब्रेडच्या टोकाचे आठ वेढे. ओले करून लांबचे दोरे ओढा, म्हणजे दोन्ही गाठी एकमेकींना भिडतील. ब्रेडला वेढे कमी पडले की तो निसटतो. तंगुसाला सगळे जण मारतात ती क्लिंच गाठ ब्रेडला मारू नका, ती हमखास घसरते. दर माशानंतर आणि दर अडकण्यानंतर शेवटचा मीटरभर दोरा चिमटीतून ओढून पाहा. खरखर लागली, की तेवढा कापून नवी गाठ.

एक गोष्ट मात्र कळकळीची. हलका दोरा वापरणे म्हणजे खिलाडूपणा, असा समज आहे. ऑगस्टमधल्या कोमट पाण्यात ४ पौंडी दोऱ्यावर दहा मिनिटे दमवलेला बास सोडला, तरी बऱ्याचदा जगत नाही. सोडून द्यायचा असेल, तर पुरेशा ताकदीचा दोरा घेऊन त्याला लवकर काठाशी आणा, ओल्या हाताने धरा आणि जबड्याबरोबर पोटालाही आधार द्या. वसंतात पाणी साधारण १५ अंश सेल्सिअसच्या वर गेले, की नर उथळ पाण्यात तळ साफ करून घरटे करतो आणि अंड्यांची राखण करतो. त्याला उचलला, की आसपासचे सनफिश काही मिनिटांत अंडी फस्त करतात. म्हणून न्यू जर्सीत १५ एप्रिल ते १५ जून बास धरला तरी तत्काळ सोडावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये तो घरी नेण्याचा मोसम १५ जूनला सुरू होतो. घरट्यावर दिसणाऱ्या नराला तर या दिवसांत गळ दाखवूच नये. परवाना सोळा वर्षांपासून लागतो, पाहुण्या आजी-आजोबांनाही नियम तपासूनच रॉड द्यावा. खाण्यासाठी नेणार असाल, तर राज्याने प्रत्येक तळ्यासाठी दिलेला पाऱ्याविषयीचा सल्ला आधी वाचा. बास शिकारी मासा, त्याच्या अंगात पारा साठतो, आणि गर्भवती व लहान मुलांसाठी मर्यादा फार कडक आहेत. कालवणाला त्याच तळ्यातला लहान सनफिश त्या मानाने बरा.

शिशाचे वजनही आता सोडायला हवे. शिशाची वजने गिळून लून नावाचे पाणपक्षी मरतात, म्हणून न्यूयॉर्कमध्ये अर्धा औंस आणि त्याखालच्या शिशाच्या वजनांची विक्री २००४ पासून बंद आहे. टंगस्टन महाग पडते, पण तेवढ्याच वजनाला आकाराने लहान असते आणि तळाचा खडा न् खडा हाताला कळवते. घेताना भोकाची कड बोटाने तपासा. ती धारदार असेल, तर दोरा तिथेच कापला जातो. भोकात नळी बसवलेले घ्या किंवा मध्ये मणी ओवा.

उन्हाळ्यात तळ्याकाठी सहली काढणाऱ्या मराठी मंडळांना एक विनंती. सामानाच्या यादीत ८ पौंडी तंगुसाची एक ताजी गुंडी, एक कात्री आणि झाकणाचा एक डबा घाला. संचावरचा जुना दोरा तिथेच उतरवून नवा भरून देता येतो, आणि काठावर, झुडपांत लोंबणारे तुकडे मुलांकडून त्या डब्यात गोळा करवता येतात. या दोऱ्यात बदकांचे पाय अडकतात, ऑस्प्रे (मासे धरणारा शिकारी पक्षी) तो घरट्यात विणतात आणि पिल्ले त्यात गळफास लागून मरतात. अनेक धक्क्यांवर प्लॅस्टिकच्या जाड नळीची पेटी असते, ती तंगुसाच्या पुनर्वापरासाठीच. गळ आणि वजन काढून तो तिच्यात टाकावा. विणलेला ब्रेड त्या पेटीत चालत नाही. त्याचे वीतभर तुकडे करून झाकणाच्या कचरापेटीत टाकावेत.

आपला,
एक नियमित वाचक
एडिसन, न्यू जर्सी